रंग दाराशी नेऊन पाहा!

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस दादरच्या कुठल्याही साडीच्या दुकानात जाऊन उभे राहावे. एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. दुकानदार गादीवर साडीमागून साडी उलगडत असतो, वर दिव्यांचा लखलखाट असतो, आणि त्या लखलखाटात प्रत्येक रंग राजबिंडा दिसत असतो. पण घेणारी बाई मुरलेली असली तर ती त्या लखलखाटाला भुलत नाही. मनात भरलेली साडी ती उचलते, दाराशी नेते, पदर उन्हात धरते आणि म्हणते, "अहो, हा कसला वांगी? हा तर विटका जांभळा!" त्यापुढे दुकानदाराचे काही चालत नाही. साडी ज्या उजेडात नेसायची त्याच उजेडात तिचा रंग पाहायचा, हे शहाणपण त्या बाईला कुठल्या कलाशाळेने शिकवलेले नसते. आईने, सासूने आणि दोन-चार फसलेल्या साड्यांनी शिकवलेले असते.

हे एवढेसे शहाणपण जगातल्या बलाढ्य सॉफ्टवेअर-कंपन्यांपाशी नाही, असा माझा आरोप आहे. किंबहुना ते त्यांच्यापाशी असूनही त्यांना ते वापरायचे नाही, असा माझा त्याहून मोठा आरोप आहे. आपल्या टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर ज्या खिडक्या उघडतात, जी बटणे दिसतात, ज्या पाट्या आणि जी अक्षरे दिसतात, त्यांचे रंग कोणीतरी ठरवलेले असतात. तो 'कोणीतरी' पंचविशीतला असतो, त्याचे डोळे निकोप असतात, त्याच्यापुढचा पडदा महागातला असतो आणि त्याची खोली थंडगार व मंद उजेडाची असते. ते रंग ज्याच्या गळ्यात पडतात, तो मात्र ट्यूबलाइटखाली, खिडकीच्या उन्हाकडे पाठ करून, दहा वर्षांच्या जुन्या पडद्यासमोर आठ-आठ तास बसलेला असतो. रंग त्याच्या दाराशी कोणी नेऊन पाहत नाही.

वाचक म्हणतील, दिवाळीच्या अंकात हा कसला रुक्ष विषय काढलात? चिरोटे-करंज्या सोडून संगणकाचे बटण! पण वाचकहो, जरा घरात नजर फिरवा. गिरगावात लग्नपत्रिका जुळवणारा तुमचा भाचा दिवसभर कशाकडे पाहतो? परळच्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीमागे बसलेली तुमची वहिनी कशाकडे पाहते? लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत आज काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. ज्या जमिनीवर आजोबांनी साचा चालवला तिथेच नातीने पडद्यावर हिशेब चालवावा, हा काळाचा महिमा. आजोबांना गिरणीत कापसाची धूळ खावी लागे, तिच्याबद्दल कामगार-पुढारी बोलले, डॉक्टर बोलले, कायदे झाले. नातीच्या डोळ्यांत रोज जे फिकट, निसटते, डोळे ताणायला लावणारे रंग घातले जातात त्यांच्याबद्दल मात्र कोणी ब्र काढत नाही. उलट तिलाच सांगतात, "चष्म्याचा नंबर तपासून घ्या!"

या रंगांची चाल तरी पाहा. १९९५ साली मायक्रोसॉफ्टचे 'विंडोज ९५' आले, तेव्हा पडदा करडा होता. सरकारी कपाटासारखा रुक्ष, पण प्रामाणिक! बटण बटणासारखे उठून दिसे, दाबले की आत गेलेले दिसे; काय दाबायचे आणि काय नुसते वाचायचे यात कोणाचा घोटाळा होत नसे. २००१ साली 'एक्सपी' आले आणि त्याच पडद्यावर निळ्या पट्ट्या व हिरवेगार बटण आले. मग काचेची फॅशन आली. २००७ च्या 'व्हिस्टा'त खिडकीच्या कडेतून मागची खिडकी धूसर दिसू लागली. २०१२ साली 'विंडोज ८' ने ती काच फोडली आणि सगळे सपाट केले. इतके सपाट, की बटण कुठले आणि नुसता रंगीत चौकोन कुठला हे दाबून पाहिल्याशिवाय कळेना. तिकडे ॲपल कंपनीने २००० साली पाण्याच्या थेंबासारखी चकचकीत बटणे आणली. पडदा पाहताच चाटावासा वाटावा, हा आमचा एक हेतू होता, असे तिचे धनी स्टीव्ह जॉब्ज तेव्हा जाहीरपणे म्हणाले होते. गिरगावातल्या एखाद्या हलवायाने आपल्या बर्फीबद्दल असे म्हटले असते तर ते शोभले असते! पुढे त्याच कंपनीने ती चकाकी पुसून सपाटपणा आणला, आणि २०२५ साली पुन्हा काच आणली. 'द्रवरूप काच' हे तिचे नाव. त्या काचेवरची अक्षरे मागच्या चित्रात बुडतात अशी इतकी ओरड झाली, की काही आठवड्यांतच ती काच गढूळ करून घेण्याची सोय कंपनीला द्यावी लागली.

करडे, निळे, काच, सपाट, पुन्हा काच! पंचवीस-तीस वर्षांत हे चक्र पुरे फिरले. मी विचारतो, या प्रत्येक वळणावर कोणा टंकलेखकाने, कोणा हिशेबनिसाने, कोणा नर्सबाईने "आम्हांला आता काच हवी हो!" असा अर्ज केला होता काय? चाळीच्या मालकाने दर तीन वर्षांनी भाडेकरूंना न विचारता दारे हलवावीत, जिने फिरवावेत आणि वर सांगावे, "बघा, तुमच्यासाठी चाळ कशी नवी केली!" तसाच हा प्रकार आहे. चाळकरी तरी मालकाच्या दारात जाऊन भांडतात. आपण सकाळी संगणक लावतो, तो रातोरात बदललेला असतो, आणि आपण मुकाट्याने नवे जिने चढू लागतो.

कोणी असा समज करून घेऊ नये, की मी रंगांचा वैरी आहे. दिवाळी अंकात लिहिणाऱ्याने रंगांचा वैरी असून कसे चालेल? दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' वार्षिक सुरू केले. त्यांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या कुंचल्यांनी मराठी घराला रंगांची जी चटक लावली ती मला लागलेली आहे. त्यांच्या मुखपृष्ठावरची ती कमलनयना, तो शालूचा लाल, तो रात्रीचा निळा! अंक हातात आला की घरातल्या प्रत्येकाला तो आधी आपल्याकडे हवा असे. पण मुखपृष्ठ उलटल्यावर आत काय असे? पांढऱ्यावर काळे. ठसठशीत, निमूट, डोळ्यांना त्रास न देणारे काळे. मुखपृष्ठाने बोलवावे आणि पानाने वाचू द्यावे, ही वाटणी त्या चित्रकारांना, संपादकांना आणि छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यालाही ठाऊक होती. कथेच्या मजकुरावर कमलनयनेचा शालू पसरावा असे दलालांच्या मनात कधी आले नाही.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी नेमके हेच केले आहे. त्यांनी पानाचेच मुखपृष्ठ करून टाकले! ज्यावर माणसाला दिवसाचे आठ तास वाचायचे, लिहायचे, मोजायचे आहे, ते त्यांनी पाच मिनिटांत भुरळ पाडण्यासाठी रंगवले. कारण उघड आहे. विकत घेण्याचा निर्णय घेणारा साहेब ते पाचच मिनिटे पाहतो. पाहून झाले की सहीची लेखणी उचलतो. पुढचे आठ तास त्याचे नसतात. ते कारकुनाचे असतात.

आता त्या आठ तासांचा हिशेब मांडू. चाळिशी ओलांडली की डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे दिसेनासे होते. हे आपल्या पूर्वजांना इतके पक्के ठाऊक होते, की त्यांनी चष्म्यालाच 'चाळिशी' हे नाव दिले! मीही आता चाळिशीतला. ती नाकावर ठेवूनच हे लिहितो आहे. पुढे वय वाढते तसे ते भिंग पिवळसरही होत जाते आणि निळ्या छटा मंदावतात. अशा डोळ्यांपुढे आजची फॅशन काय ठेवते? पांढऱ्यावर फिकट करडे अक्षर, आणि फिकट निळ्या पट्टीवर पांढरे. अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातले अंतर मोजण्याचे एक माप आहे. पांढऱ्यावर निखळ काळे असेल तर ते २१ ला १ भरते. साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ इतके तरी हवे, असा नियम जागतिक तज्ज्ञांनी २००८ पासून घालून दिला आहे. आपल्या देशातही भारतीय मानक ब्यूरोने २०२१ साली आय.एस. १७८०२ हे मानक काढून अपंगांना व दुबळ्या दृष्टीच्या माणसांना वापरता येईल अशा संगणक-साधनांचे नियम बांधले. म्हणजे नियम नाहीत असे नाही. माप नाही असेही नाही. मारवाड्याच्या दुकानात तागडी टांगलेली आहे. फक्त माल तोलायचा नाही असे ठरले आहे!

मराठी माणसाच्या बाबतीत या अन्यायाला आणखी एक पदर आहे. पडद्यावरची अक्षरे किती मोठी, दोन ओळींत किती अंतर, पाटीची उंची किती, हे सगळे रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून ठरते. रोमन अक्षर बहुतांशी एका पट्टीत मावते. आमचे देवनागरी अक्षर शिरोरेघेला लोंबकळते. डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार वागवते. पायाशी उकार, ऋकार, रकार बांधते. मध्ये जोडाक्षरांची दाटी करते. त्याला वर माळा लागतो आणि खाली तळघर लागते. त्याला रोमनच्या एकमजली खोलीत कोंबले, वर फिकट करडा रंग फासला, की काय उरते? अनुस्वाराचा ठिपका आधी गुदमरतो. मग 'भांडे' आणि 'भाडे' एक होतात. ऱ्हस्व-दीर्घ उकार एकमेकांत मिसळतात. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा यांतला भेद मिटतो. खुद्द 'रंग' या शब्दातला ठिपका पुसला, की शिल्लक राहते ती 'रग'! कंपन्यांच्या रंगात मला आज जी दिसते ती हीच.

आणि हे सगळे कुठे चालले आहे? ज्या मुंबईत देवनागरीचे अक्षर घडले त्या मुंबईत! जावजी दादाजींनी १८६४ साली अक्षरे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर अक्षरांचे ठसे कापले. एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात कानस घेऊन केलेले ते काम! त्या काळी घरांत विजेचे दिवे नव्हते. समईच्या आणि तेलाच्या दिव्याच्या उजेडात आजोबांना पोथी वाचता आली पाहिजे, हीच त्या अक्षराची परीक्षा होती. आणि ते अक्षर त्या परीक्षेला असे उतरले की निर्णयसागरचे वळण पुढे देशभर नावाजले. संगणकाच्या युगातही आपली माणसे मागे राहिली नाहीत. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हे देवनागरी वळण रेखले, ते 'विंडोज २०००' बरोबर घरोघरी गेले. अलीकडे मुंबईच्याच 'एक टाइप' या मंडळींनी 'मुक्ता', 'बालू' ही वळणे सर्वांना विनामूल्य खुली करून दिली. तेव्हा "मराठीला चांगले अक्षर नाही हो" ही सबब आता कोणी सांगू नये. अक्षर आहे, त्याला उभे राहायला जागा आणि अंगावर पुरेसा काळा रंग द्यायची दानत नाही.

इथवर गोष्ट डोळ्यांच्या त्रासाची होती. पण रंगाची निवड चुकली की माणसाची अब्रूही जाते. एका शाळेच्या कचेरीत मी हे पाहिले आहे. फीच्या नोंदी ठेवण्यासाठी शाळेने एक सॉफ्टवेअर घेतले होते. आधी त्यात विद्यार्थ्याच्या नावापुढे 'भरली' किंवा 'बाकी' असा शब्द येई. मग एका सकाळी नवे रूप आले आणि शब्द गेले. त्यांच्या जागी दोन सुबक ठिपके आले, एक लाल आणि एक हिरवा. कचेरीतल्या कारकुनाला लाल-हिरव्यातला भेद जन्मापासून कळत नव्हता. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. सांगायची गरजच कधी पडली नव्हती. आता सांगावे तर नोकरीवर गदा येईल की काय ही भीती. बिचाऱ्याने अंदाजाने काम रेटले. व्हायचे तेच झाले. पै-पै जमवून जूनमध्येच फी भरलेल्या एका बापाच्या नावे 'बाकी'ची चिठ्ठी गेली. वर्गात त्याच्या मुलीला उभे केले गेले. तो गृहस्थ पावती घेऊन कचेरीत आला तेव्हा रागावलेला नव्हता. ओशाळलेला होता, आणि ते पाहवत नव्हते. कारकुनाला बोलणी बसली. ठिपके रंगवणाऱ्याला कोणी काही बोलले नाही. तो कुठल्या शहरात बसतो हेही कोणाला ठाऊक नव्हते.

लाल-हिरव्याचा हा दोष पुरुषांत पुष्कळ आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो शंभरात आठांना असतो. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आहे. पण मुंबईसारख्या शहरात कमी म्हटले तरी ती हजारो माणसे झाली. आणि त्यांची काळजी घेणे अवघड आहे काय? आमच्या लोकलगाडीकडे पाहा! पहिल्या वर्गाच्या डब्यावर तांबडे-पिवळे तिरपे पट्टे असतात. पण नुसत्या पट्ट्यांवर रेल्वेने भिस्त ठेवलेली नाही, शेजारी अक्षरांतही लिहिले आहे. बायकांच्या डब्यावर बाईचे चित्र आहे. चिंचपोकळीला गाडीमागे धावणाऱ्या माणसाला रंग दिसला नाही तर आकृती दिसते, आकृती दिसली नाही तर अक्षर दिसते. २०२० साली दादर-माहीमच्या रस्त्यांवर पादचाऱ्यांच्या सिग्नलमध्ये पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती आली, तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. त्या चर्चेत एक गोष्ट सुटली. लाल बाई उभी असते आणि हिरवी बाई चालत असते; म्हणून ज्याला रंग कळत नाही तोही सुखरूप रस्ता ओलांडतो. जे शहाणपण रस्त्यावरच्या खांबाला आहे ते लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरला नसावे?

यावर ठरावीक उत्तरे येतात. पहिले उत्तर : "अहो, रंग बदलायची सोय आत दिलेली आहे." दिली आहे, खरे आहे. पण ती सहा पायऱ्या उतरून, चार दारे उघडून, इंग्रजी पाटीच्या कपाटात ठेवली आहे. घराला कुलूप लावायचे, किल्ली माळ्यावर टाकायची आणि पाहुण्याला म्हणायचे, "घर आपलेच आहे!" शिवाय कचेरीतल्या यंत्राला हात लावायची मुभा कारकुनाला असतेच असे नाही. दुसरे उत्तर : "काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे करून घ्या, डोळ्यांना आराम." रात्री अंधारात किंवा काही विशिष्ट नेत्रविकारांत तो आराम मिळतोही. पण उजेडाच्या खोलीत गडद अक्षर उजळ पार्श्वभूमीवरच बरे वाचता येते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. रामबाण म्हणून सर्वांच्या हाती एकच पुडी देणारा वैद्य असतो, त्यातलाच हा प्रकार. तिसरे उत्तर सर्वांत उर्मट : "नव्या पिढीला हेच आवडते." नव्या पिढीला काय आवडते हे मी रोज वर्गात पाहतो. फळ्यावर खडू फिका उमटला, की मागच्या बाकावरून पहिली ओरड तीच करते : "सर, दिसत नाही!" तेव्हा मी मुलांना सौंदर्यशास्त्र शिकवत बसत नाही, मुकाट्याने फळा पुसतो आणि ठळक लिहितो.

सौंदर्य हवेच. पण सौंदर्याचे नाव घेणाऱ्यांनी एकदा लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत गणपतीच्या आधी महिनाभर जाऊन यावे. वीस फुटांच्या मूर्तीचा चेहरा रंगवणारा कारागीर परातीवर चढतो, हात फिरवतो, खाली उतरतो, लांब जाऊन मान वर करून पाहतो आणि पुन्हा चढतो. कारण ती मूर्ती त्याला परातीवरून पाहायची नसते. गर्दीत उभ्या असलेल्या भक्ताला खालून पाहायची असते. सॉफ्टवेअर रंगवणारे आमचे कलावंत परातीवरून खाली उतरायला तयार नाहीत, एवढेच माझे भांडण आहे.

म्हणून माझे मागणे तीनच आहे. एक : रंगाला एकटे सोडू नका, जिथे रंगाने काही सांगायचे असेल तिथे शेजारी शब्द किंवा आकृती उभी करा. दोन : देवनागरीत दाखवायचे असेल तर देवनागरीला लागेल तेवढी उंची आणि तेवढा काळेपणा द्या, अनुस्वार हा कागदावर बसलेला डास नव्हे. तीन : नवे रूप आणण्याआधी ते जुन्या पडद्यावर, ट्यूबलाइटखाली, पन्नाशीच्या माणसापुढे आठ दिवस ठेवा, आणि ज्याला जुने रूप हवे त्याच्याकडून ते हिसकावून घेऊ नका. महापालिका, बँका, शाळा, रुग्णालये सॉफ्टवेअर विकत घेतात ती आपल्या पैशांनी. त्यांनी खरेदीच्या करारात मानकाचा आकडा लिहावा आणि सही करण्याआधी साहेबाला उठवून त्या खुर्चीवर कारकुनाला बसवावे. कंपन्या ओरडतील, आणि मग निमूटपणे करतील. गिऱ्हाईक ठाम असले की व्यापारी नेहमीच शहाणा होतो.

हा लेख आपण इथवर वाचलात. त्याचे श्रेय माझ्या लेखणीला थोडे आणि या पानावरच्या काळ्याभोर शाईला फार आहे. संपादकांनी हेच शब्द फिकट करड्या रंगात, काचेमागे छापले असते, तर आपण दुसऱ्या परिच्छेदातच अंक मिटून फराळाच्या ताटाकडे वळला असता. आणि मी आपल्याला मुळीच दोष दिला नसता. कचेरीतल्या माणसाला मात्र पडदा मिटून उठता येत नाही.